साखर रक्तात, घाव हाडात

१. रिपोर्ट चांगला, तरी हाड मोडलं कसं?

जवळजवळ प्रत्येक घरात अशी एक मावशी असते. वय साठीच्या पुढे, मधुमेहाला दहा-बारा वर्षं झालेली, अंगानं भरलेली. पहाटे बाथरूमच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरतो, ती हातावर पडते आणि मनगट मोडतं. प्लास्टर घातलं जातं. मग डॉक्टर हाडांची घनता मोजून घ्यायला सांगतात. हाडं ठिसूळ निघणार, याची घरात सगळ्यांना खात्रीच असते. प्रत्यक्षात रिपोर्ट येतो तो चांगला. घनता वयाच्या मानानं उत्तम! तेव्हा मावशी विचारते, ‘‘हाडं भक्कम आहेत म्हणता, तर मोडली कशी? आणि साखर तर रक्तात असते, तिचा हाडांशी काय संबंध?’’

मावशीचा प्रश्न अगदी रास्त आहे. डॉक्टरांनाही तो बरीच वर्षं छळत होता. त्याच्या उत्तराला दोन बाजू आहेत. साखर हाडाचं काय करते, ही पहिली बाजू. तिच्याबद्दल आता बरंच कळलं आहे. दुसरी बाजू त्याहून नवलाची आहे : हाड साखरेचं काही करतं का? या दुसऱ्या प्रश्नामागे गेरार कारसेंटी नावाचा एक संशोधक वर्षानुवर्षं लागला. त्याच्या उत्तरानं शरीरशास्त्रात खळबळ उडाली आणि वादही पेटला. आपण दोन्ही बाजू पाहू. पण आधी हाड म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे.

२. व्हिनेगरमधलं हाड

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन काचेच्या बरणीत ठेवा आणि ते बुडेल इतकं व्हिनेगर ओता. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरानं हाड बाहेर काढा. दिसायला ते होतं तसंच असतं, पण दोन्ही टोकं धरून वाकवलं की रबराच्या नळीसारखं वाकतं. मोडत नाही.

आता याच्या उलट चित्र आठवा. चुलीत पडून पांढरं झालेलं हाड आकारानं जसंच्या तसं दिसतं, पण चिमटीत दाबलं की त्याचा भुगा होतो.

या दोन हाडांत हाडाचं सगळं रहस्य आहे. व्हिनेगरनं हाडातले कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार विरघळवले आणि मागे राहिला कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा चिवट दोर. आगीनं तो दोर जाळला आणि मागे राहिले फक्त क्षार. घराचा स्लॅब टाकताना आधी सळयांची जाळी बांधतात आणि मग तिच्यावर काँक्रीट ओततात. काँक्रीट दाब सहन करतं, सळया ताण सहन करतात. हाडात काँक्रीटचं काम क्षार करतात आणि सळयांचं काम कोलॅजेन. यातलं एक जरी बिघडलं, तरी हाड कमजोर होतं.

स्लॅब मात्र एकदा टाकला की तसाच राहतो आणि हाडाचं बांधकाम आयुष्यभर चालू असतं. हाडात तीन प्रकारचे कामगार असतात. ऑस्टिओक्लास्ट या पेशी तोडकाम करतात. त्या हाडाच्या एका लहानशा जागेवर आम्ल सोडून जुना भाग विरघळवून टाकतात. ऑस्टिओब्लास्ट या पेशी म्हणजे गवंडी. तोडलेल्या खड्ड्यात त्या आधी कोलॅजेन विणतात आणि त्यावर क्षार चढवतात. तिसऱ्या ऑस्टिओसाइट पेशी. त्या हाडाच्या आत गाडून घेतलेल्या असतात. कुठे भार पडतोय, कुठे बारीक तडा गेलाय, हे त्यांना समजतं आणि त्या दोघांना काम वाटून देतात. त्यांना मुकादम म्हणायला हरकत नाही. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी मुकादमच असतात!

एका खड्ड्यातलं तोडकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तो भरून काढायला मात्र तीन-चार महिने लागतात. अशी लाखो दुरुस्तीची कामं एकाच वेळी चालू असतात आणि प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. ही न थांबणारी डागडुजी लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे.

३. घनता मोजतात म्हणजे काय मोजतात?

मावशीची जी तपासणी झाली तिला डेक्सा म्हणतात. त्यात अगदी सौम्य क्ष-किरण कंबरेच्या मणक्यांतून आणि खुब्यातून पाठवतात. जितके क्षार जास्त, तितके किरण जास्त अडतात. त्यावरून एक चौरस सेंटिमीटरच्या सावलीत किती ग्रॅम क्षार आहेत, हे यंत्र सांगतं.

हा आकडा नुसता पाहून काही कळत नाही, म्हणून त्याची तुलना निरोगी तरुण माणसांच्या सरासरीशी करतात. या तुलनेला टी-स्कोअर म्हणतात. एक हिशोब करून पाहू. समजा, तरुण स्त्रियांची सरासरी ०.९४ आहे आणि त्यांच्यात आपापसात पडणारा नेहमीचा फरक ०.१२ आहे. एखाद्या बाईंची घनता ०.७० आली. ०.९४ मधून ०.७० वजा केले, उरले ०.२४. त्याला ०.१२ ने भागलं, उत्तर आलं २. बाई सरासरीच्या खाली आहेत, म्हणून टी-स्कोअर झाला उणे २. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये घालून दिलेल्या मोजपट्टीप्रमाणे उणे १ पर्यंत हाडं ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान विरळ आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली गेली तर ठिसूळ समजतात.

आता या यंत्राला काय दिसत नाही, ते पाहू. गव्हाची गोणी काट्यावर ठेवली की वजन कळतं. आतला दाणा किडका आहे की टणक, हे काटा सांगत नाही. डेक्सासुद्धा फक्त क्षारांचं वजन करते. कोलॅजेनच्या सळया कशा आहेत, क्षार ओळीनं बसले आहेत की वेडेवाकडे, बारीक तडे वेळच्या वेळी बुजवले जातायत की साठत चाललेत, यातलं काहीच तिला दिसत नाही. तपासणी खोटी नाही आणि निरुपयोगी तर मुळीच नाही. ती जे मोजते ते बरोबर मोजते. फक्त हाडाच्या ताकदीत त्यापलीकडचंही बरंच काही येतं.

४. मधुमेहाचं कोडं

मधुमेहाचे दोन मुख्य प्रकार आपल्याला माहीत आहेत. पहिल्या प्रकारात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात. हा अनेकदा लहान वयात सुरू होतो. दुसऱ्या प्रकारात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि पुढे इन्सुलिनही कमी पडत जातं. आपल्याकडे सर्रास दिसतो तो हा दुसरा प्रकार.

२००७ मध्ये डेन्मार्कचे संशोधक पीटर व्हेस्टरगार्ड यांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हाडांची घनता कमी होती आणि खुब्याचं हाड मोडण्याचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या जवळजवळ सात पट होता. दुसऱ्या प्रकारात मात्र घनता सरासरीपेक्षा जास्त निघाली आणि तरीही खुबा मोडण्याचा धोका सुमारे १.४ पट होता. क्षार जास्त आणि मोडतोडही जास्त! मावशीच्या रिपोर्टमधलं कोडं ते हेच.

घनता जास्त का, याचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात पुष्कळांचं वजन जास्त असतं. हाडावर भार पडला की ते क्षार साठवतं. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत रक्तात इन्सुलिनही भरपूर असतं आणि इन्सुलिन हाड बांधायला मदत करतं.

या कोड्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ २०११ मध्ये अमेरिकेतल्या ॲन श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केला. टी-स्कोअर सारखाच असला तरी मधुमेही व्यक्तीचं हाड मोडण्याचा धोका जास्त असतो आणि स्त्रियांमध्ये हा फरक साधारण अर्ध्या गुणाचा भरतो. म्हणजे मधुमेही बाईंचा टी-स्कोअर उणे २ आला, तर तो मधुमेह नसलेल्या बाईंच्या उणे २.५ सारखा वाचायला हवा. कागदावर ‘विरळ’ लिहिलेलं असतं, पण धोका ‘ठिसूळ’च्या जवळ पोचलेला असतो.

५. साखर हाडाचं काय करते?

पहिला घाव सळयांवर बसतो. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते. हे आपल्याला नवं नाही. एचबीए१सी ही तपासणी नेमकं तेच मोजते. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते पाहते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ही तपासणी गेल्या तीन महिन्यांचा हिशोब देते. पेशी मेली की तिच्यावरची साखरही गेली. पण हाडातलं कोलॅजेन वर्षानुवर्षं तिथेच असतं. तीन महिन्यांत हिमोग्लोबिनचं जे होतं, ते पाच-दहा वर्षं तिथेच राहणाऱ्या कोलॅजेनचं किती होत असेल, याचा अंदाज करा.

साखर आणि प्रथिनं यांची ही गाठ फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये दाखवून दिली. पाव भाजताना वरचा पापुद्रा तांबूस आणि कडक होतो, तो याच क्रियेनं. भट्टीत ती काही मिनिटांत होते. शरीराच्या उबेत तिला वर्षं लागतात. चिकटलेल्या साखरेतून कोलॅजेनच्या शेजारच्या धाग्यांमध्ये नको तिथे गाठी पडतात. नवा रबरबँड ताणला की लांबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. तोच उन्हात पडून राहिला, तर कडक होतो आणि ताणताच तटकन तुटतो. वजन केलं तर दोन्ही रबरबँड सारखेच भरतील. साखरेनं जखडलेलं कोलॅजेन असं उन्हातल्या रबरबँडसारखं होतं. पडल्यावर बसणारा धक्का थोडं लवून जिरवण्याची त्याची ताकद जाते.

दुसरा घाव कामगारांवर. मधुमेहात हाडाची डागडुजी मंदावते. गवंडी पेशी कमी होतात, असलेल्या सुस्त होतात. गवंडी आणि चरबीच्या पेशी हाडाच्या मगजात एकाच मूळ पेशीपासून तयार होतात. मधुमेहात ही मूळ पेशी चरबीच्या वाटेला जास्त वळते. मुकादम पेशी स्क्लेरोस्टिन नावाचा ‘काम थांबवा’ असा निरोप जास्त प्रमाणात धाडू लागतात. तडे पडतच असतात, ते बुजवले मात्र जात नाहीत. आणि डागडुजी मंदावली की जुनं, साखरेनं जखडलेलं कोलॅजेन आणखी काळ तिथेच राहतं. एक घाव दुसऱ्याला असा हात देतो.

तिसरा घाव हाडाच्या सालीवर. हाडाची बाहेरची साल भरीव आणि टणक असते, आत जाळी असते. बारकाईनं टिपणाऱ्या खास सीटी स्कॅनमधून असं दिसलं की हाड मोडलेल्या काही मधुमेही स्त्रियांच्या सालीत बारीक भोकं वाढलेली होती. बांबू भक्कम असतो तो त्याच्या बाहेरच्या सालीमुळे. त्या सालीलाच कीड लागली तर?

यात आणखी एक भर पडते ती पडण्याची. मधुमेहानं पायांच्या नसा बधिर होतात, नजर अधू होते. औषधानं साखर एकदम उतरली, तर घेरी येते. धक्का न जिरवणारं हाड आणि पडण्याचे जास्त प्रसंग, अशी दुहेरी अडचण मधुमेही माणसाच्या वाट्याला येते.

६. ह्यूस्टनचे लठ्ठ उंदीर

आता दुसरी बाजू. कारसेंटी मूळचे फ्रान्सचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. सांगाडा सतत तोडून बांधायचा, म्हणजे शरीराला भरपूर इंधन खर्चावं लागत असणार. उपाशी मुलाची वाढ खुंटते. याचा अर्थ खाण्याचा आणि हाडाचा हिशोब कुठेतरी एकत्र लिहिला जात असणार. तो कुठे?

गवंडी पेशी ऑस्टिओकॅल्सिन नावाचं एक छोटं प्रथिन भरपूर बनवतात. ते १९७० च्या दशकातच सापडलं होतं, पण त्याचं काम कळलेलं नव्हतं. कारसेंटींच्या गटानं ह्यूस्टनमध्ये असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात हे प्रथिन बनतच नाही, आणि १९९६ मध्ये त्याबद्दलचा निबंध प्रसिद्ध केला. त्या उंदरांची हाडं जास्त भरलेली होती. पण आणखीही एक गोष्ट डोळ्यांत भरत होती : उंदरांच्या पोटावर चरबी साठत होती. हाडाचं प्रथिन काढलं, तर पोट का सुटावं?

त्याच गटानं २००० मध्ये दाखवलं की चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक मेंदूमार्फत हाडाच्या बांधकामावर नियंत्रण ठेवतं. संप्रेरक म्हणजे एका अवयवानं रक्तातून दुसऱ्या अवयवाला धाडलेली चिठ्ठी. चरबीकडून हाडाला चिठ्ठी जाते, हे कळलं. मग हाडाकडून उलट टपाल जातं का?

या प्रश्नाचं उत्तर २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून, कारसेंटींच्याच गटाकडून आलं. त्यासाठी केलेला एक प्रयोग त्याच्या साधेपणामुळे मनात ठसतो. काचेच्या एकाच भांड्यात एका बाजूला हाडाच्या गवंडी पेशी आणि दुसऱ्या बाजूला स्वादुपिंडाच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ठेवल्या. मधे बारीक जाळी होती. पेशी एकमेकींना शिवू शकत नव्हत्या, पण त्यांच्यातून पाझरणारा द्रव पलीकडे जात होता. गवंडी शेजारी आल्यावर स्वादुपिंडाच्या पेशींचं इन्सुलिन बनवण्याचं काम वाढलं. ज्या गवंडी पेशींत ऑस्टिओकॅल्सिनच नव्हतं, त्यांना हे जमलं नाही. जिवंत उंदरांतही असंच दिसलं. ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांची साखर चढलेली होती. ज्यांच्यात ते जास्त सक्रिय होतं, त्यांची साखर कमी होती आणि ते सहजी लठ्ठही होत नव्हते.

याची यांत्रिक बाजूही मोठी सुंदर आहे. क जीवनसत्त्वाच्या नव्हे, तर के जीवनसत्त्वाच्या मदतीनं ऑस्टिओकॅल्सिनला तीन आकडे लागतात. या आकड्यांनी ते कॅल्शियमला धरून हाडात अडकून बसतं. तोडकामाच्या पेशी आम्ल सोडतात तेव्हा हे आकडे गळतात आणि मोकळं झालेलं ऑस्टिओकॅल्सिन रक्तात उतरतं. २०१० मध्ये कारसेंटींचा गट आणि टॉमस क्लेमेन्स यांचा गट अशा दोघांनी एकाच वेळी दाखवलं की इन्सुलिन स्वतः गवंडी पेशींना निरोप देऊन ही क्रिया वाढवतं. क्लेमेन्स गटाच्या निबंधावर पहिलं नाव होतं कीर्तिक फुलझेले. आडनाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. एकूण साखळी अशी जुळली : इन्सुलिन हाडाला जागं करतं, हाड ऑस्टिओकॅल्सिन सोडतं, ऑस्टिओकॅल्सिन इन्सुलिन वाढवतं.

तोवर सगळे हाडाकडे खांब म्हणून पाहत होते. या संशोधनामुळे ते घरातलं कर्तं माणूस म्हणून समोर आलं. पुढच्या वर्षांत याच गटानं ऑस्टिओकॅल्सिनचा संबंध प्रजननशक्ती, स्मरणशक्ती, स्नायूंचं बळ आणि संकटात शरीरानं घेतलेली उसळी यांच्याशी जोडला.

७. मग वाद कशाचा?

विज्ञानात एका प्रयोगशाळेनं सांगितलेलं दुसरीला पडताळून पाहता आलं पाहिजे. २०२० मध्ये दोन गटांनी, एक अमेरिकेतल्या मिशिगनचा आणि दुसरा जपानमधल्या नागासाकीचा, ऑस्टिओकॅल्सिन नसलेले उंदीर नव्यानं तयार केले. दोघांनीही साखर तपासली. ती नेहमीसारखीच होती. कारसेंटींना दिसलेला परिणाम त्यांना दिसला नाही.

माणसांकडूनही एक इशारा आधीच मिळालेला होता. हाडं ठिसूळ झालेल्यांना तोडकाम मंदावणारी औषधं देतात. तोडकाम मंदावलं की आम्ल कमी सुटणार, ऑस्टिओकॅल्सिन कमी मोकळं होणार आणि ती साखळी माणसात तितकीच बळकट असेल, तर या औषधांनी मधुमेह वाढायला हवा. अशा औषधांच्या तीन मोठ्या चाचण्यांची आकडेवारी २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली. मधुमेह वाढलेला नव्हता.

कारसेंटींना एक आणि या दोन गटांना दुसरं, असं वेगळं का दिसलं असावं? उंदरांचा वाण, जनुक कापण्याची पद्धत, खाद्य, अशा कितीतरी गोष्टींनी निकाल हलू शकतो. म्हणून हाडातून साखरेला चिठ्ठी जाते, हा विचार मोडीत निघालेला नाही आणि पक्काही झालेला नाही. ऑस्टिओकॅल्सिनच्या नावानं कुणी मधुमेहावर गोळी विकू लागलं, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि ‘आकडे’ लागू नयेत म्हणून के जीवनसत्त्वाच्या पालेभाज्या सोडणं तर शुद्ध नुकसान आहे.

पण नागासाकीच्या उंदरांनी एक वेगळीच गोष्ट हाती दिली आणि ती थेट मावशीच्या मनगटाकडे आणून सोडते. त्या उंदरांच्या हाडांत क्षार पुरेसे होते, कोलॅजेनही सरळ विणलेलं होतं. तरी हाडं कमजोर होती. कारण क्षारांचे सूक्ष्म स्फटिक कोलॅजेनच्या धाग्यांना समांतर बसलेले नव्हते. नांगरलेल्या शेतात सरी सरळ असल्या की पाणी शेवटपर्यंत जातं. त्या वेड्यावाकड्या झाल्या, तर तितकंच पाणी वाटेत तुंबतं. ऑस्टिओकॅल्सिन स्फटिकांना सरीत बसवतं. साखरेचा वाद काही असो, एवढं मात्र यातून ठसतं : माल तेवढाच असला तरी तो लावला कसा आहे, यावर हाडाची ताकद ठरते.

८. पुण्याजवळची सहा गावं

हाडाची आणि साखरेची पायाभरणी कधी होते, या प्रश्नाचा एक धागा आपल्या अगदी जवळ आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथे जन्मणारं बाळ सरासरी २.७ किलोचं होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचं बाळ ३.५ किलोचं. गंमत म्हणजे पुण्याचं बाळ हडकुळं असूनही त्याच्या कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. कमी वजनाचा आणि तरीही चरबीनं भरलेला हा ‘किडकिडीत-लठ्ठ’ देह पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतो.

याच मुलांची वयाच्या सहाव्या वर्षी हाडंही मोजली गेली आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मातांच्या गरोदरपणातल्या आहारात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त भरलेली होती. ज्यांच्या रक्तात फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचीही. दोन वर्षांनी त्याच गटानं दाखवलं की आईच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर सहा वर्षांच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त दिसतात. आईच्या ताटातून हाडाची आणि साखरेची अशी दोन्ही खाती एकदमच उघडली जातात. सुनेच्या, लेकीच्या डोहाळजेवणाला गोडधोड होतंच. त्या नऊ महिन्यांच्या रोजच्या ताटाकडे त्याहून जास्त मायेनं पाहायला हवं.

९. आपल्या हातात काय आहे?

साखर आवाक्यात ठेवणं हे पहिलं. चिकटलेली जुनी साखर कोलॅजेनवरून सहजी निघत नाही, पण नवी चिकटण्याचा वेग कमी करता येतो. मात्र साखर उतरवण्याच्या भरात ती ७० च्या खाली जाऊ देऊ नका. त्या घेरीत पडणं हाडाला फार महागात पडतं.

दुसरं म्हणजे भार. मुकादम पेशींना हाडावर पडणारा भार कळतो आणि त्या गवंड्यांना कामाला लावतात. अंतराळवीरांवर भारच नसतो, म्हणून त्यांच्या खुब्याची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं उतरते. रोजचं चालणं, जिना चढणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं-बसणं, यांनी साखरही उतरते, हाडाला निरोपही जातो आणि तोलही सुधारतो.

तिसरं ताट. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, उतारवयात थोडं जास्त. नाचणीच्या एका भाकरीत, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम पिठात, १८० मिलिग्रॅम. मोठा कपभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात २४०. वाटीभर दह्यात १६०. चमचाभर तिळाच्या चटणीत १२० च्या आसपास. बेरीज झाली ७००. उरलेलं डाळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, काटेरी लहान मासळी यांतून येऊ शकतं. कोलॅजेनसाठी प्रथिनंही हवीत, म्हणून डाळ पातळ करू नका. ड जीवनसत्त्व कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या. मनानंच मोठे डोस घेऊ नका.

चौथं औषध. पायोग्लिटाझोनच्या गटातली औषधं मगजातल्या त्या मूळ पेशीला चरबीकडे वळवतात आणि स्त्रियांमध्ये हाड मोडण्याचा धोका वाढवतात, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. असं औषध चालू असेल, तर ते स्वतःहून बंद करू नका. ‘‘माझी हाडं लक्षात घेऊन हेच औषध योग्य आहे का?’’ असं डॉक्टरांना विचारा.

पाचवं घर. बाथरूमच्या भिंतीला एक दांडा, रात्री मिणमिणता का होईना दिवा, घसरणारं पायपुसणं हद्दपार, टाच धरून ठेवणारी चप्पल. हजार रुपयांच्या आतबाहेरचा हा खर्च खुबा वाचवू शकतो.

आणि शेवटचं. मधुमेह झाल्यावर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं आणि पावलं वर्षातून एकदा तपासायची, हे आता घरोघर माहीत आहे. त्या यादीत हाडाचं नाव लिहायचं राहून गेलं आहे, कारण हाड दुखत नाही. मोडेपर्यंत ते काहीच बोलत नाही. पन्नाशीनंतर साधं पडून हाड मोडलं, तर मधुमेही माणसाच्या बाबतीत तो इशारा समजावा, मग डेक्साचा आकडा कितीही गोड असो.

मावशीला आता उत्तर देता येईल. ‘‘मावशी, तुझा रिपोर्ट खोटा नव्हता. गोणीचं वजन भरपूर होतं, पण बारा वर्षं साखरेत मुरून आतला दाणा ठिसूळ झाला होता, आणि तो काट्याला दिसला नाही. प्लास्टर निघालं की हात जुळेल. पण जे हाड अजून मोडलं नाही, त्याची डागडुजी आजपासून तुझ्या हातात आहे.’’